गाळणीचं मुसकं

भूकंपानंतरच्या वर्षी वडील लातूरच्या एका डाळ मिलमध्ये कामाला लागले. गावाकडचं घर पडलं होतं आणि घरातले आम्ही दोघेच उरलो होतो. मी क्लासला जायचो. खोलीवर फारसं बोलणं होत नसे.

मिलमधल्या भुशाच्या धुळीने वडिलांना सतत खोकला येई. तोंड बांधा, नाहीतर काम सोडा, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण ओठांना कापड लागलं की वडील ते ओढून काढत. ढिगाऱ्याखाली त्यांच्या तोंडात माती गेली होती.

म्हणजे कापड ओठांपासून दूर राहायला हवं होतं. मळणीच्या बैलाच्या तोंडाला बांधतात ते जाळीचं मुसकं तसं असतं. मी चहाच्या मोठ्या गाळणीची दांडी कापली, तिच्यावर बाहेरून मलमल शिवली, कडेला जुन्या बनियनची पट्टी लावली आणि इलॅस्टिक जोडलं.

वडिलांनी ते लावून बराच वेळ श्वास घेतला.

"आबा, गुदमरतंय का?"

"न्हाई. मुसकंच हाय की हे. पण आता चहा कशात गाळायचा?"

चहा आम्ही चोथ्यासकट प्यायलो. दुसऱ्या दिवशी वडील मिलमधून परतले, तेव्हा मुसकं त्यांच्या तोंडावरच होतं.