मैत्रीपूर्ण लढत

हे आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला तर नाहीच — तो मला शेवटपर्यंत तत्त्वाची बाई समजून गेला. तुम्हाला सांगते. ऐकून हसा, थुंका, काहीही करा.

तर आमची आघाडी. पाच पुरोगामी पक्ष आणि एक सतरंजी. महापालिकेच्या निवडणुकीसाठी दिवाळीनंतर जमली, संक्रांतीचा तिळगूळ वाटेपर्यंतही टिकली नाही. बैठकीला माणसं कमी, बॅनरवर फोटो जास्त. आणि त्यात मी! खादीची साडी, आरशासमोर भाषण घोकणारी चाळिशीतली भवानी. आज समोर आली तर तिला दारात उभी करणार नाही मी.

आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव. इच्छुक दोघी — मी आणि मित्रपक्षाची पुष्पा. नळाला पाणी नाही, रेशन मिळत नाही, की वस्तीतल्या बायका पुष्पाच्या दारात. माझ्या दारात कोण? दूधवाला. ठरलं असं — अर्ज दोघींनी भरायचे, एखादीचा बाद झाला तर दुसरीचा असावा. आणि माघारीच्या दिवशी मी माझा मागे घ्यायचा. भर बैठकीत मीच हात वर करून तसं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. टाळ्या मला फार आवडायच्या.

पुष्पानं उभं राहण्यासाठी अंगणवाडीची नोकरी सोडली होती. बैठकीतून निघताना मला म्हणाली, "लोकं म्हणतात, ताईचा भरोसा नोको करू. म्या म्हटलं, काहून नाही करू वं?"

माघारीच्या दिवशी मी — कसं सांगू? — शहराबाहेर बेसा गावी बहिणीकडे जाऊन बसले. तेव्हा तिथे नुसती शेतं. शोधायला कोण येतंय! बहिणीला म्हटलं, कणकण आहे. आणि वांग्याची भाजी दोनदा मागून खाल्ली.

मुदत टळली, रिंगणात दोघीही. अशा वेळी आमच्या लोकांकडे एक गोंडस शब्द तयारच असतो — मैत्रीपूर्ण लढत. मित्रपक्ष एकमेकांना पाडतात आणि हसून फोटो काढतात.

इथवर नुसता हावरटपणा. तो एक वेळ सांगता येतो. पण आघाडीच्या अध्यक्षांनी बोलावून जाब विचारला तेव्हा मी काय म्हटलं? म्हटलं, पुष्पाच म्हणाली, दोघी लढू. समोरच्या पक्षानं तिला विकत घेतलेलं दिसतं.

त्यांनी मानलं. माझी मराठी शुद्ध होती, तिची नव्हती — समतेवर व्याख्यानं देणाऱ्यांना एवढा पुरावा पुरला.

पुष्पाला तिच्या पक्षानं काढून टाकलं. इतर वॉर्डांतही एकमेकांचे हिशेब चुकते झाले, मतदानाआधीच आघाडी फुटली. आम्ही दोघीही पडलो. पेपरात आलं, 'वैचारिक मतभेद'. मी ते मान डोलवत वाचलं! नोकरी काही तिला परत मिळाली नाही. वस्तीत तिला 'विकलेली' म्हणायचे — ज्यांच्यासाठी नळ आणला, त्याच बायका.

मागच्या महिन्यात डोळ्यांच्या दवाखान्यात भेटली. शेजारी येऊन बसली.

"ताई, आता तं सांगून टाका. मी विकली गेली म्हणून अध्यक्षाले सांगतलं कोनं?"

आता मला कुठलं तिकीट मिळणार होतं? खरं बोलले असते तर काय गेलं असतं? मी तिच्याच पक्षातल्या वामनरावांचं नाव घेतलं. तेव्हा तिच्या बाजूनं बोलणारे तेवढे एकच होते. वारले बिचारे, कधीचेच.

 मग माझ्या नावाचा पुकारा झाला, आणि मला नीट दिसत नाही म्हणून तिनंच हात धरून मला आत नेलं.