टेकडी स्टेशनची परतीची गाडी

बागेतल्या छोट्या रेल्वेवर मी तेरा वर्षं गार्ड होतो. आमची गाडी गोल फिरते, त्यामुळे तिच्यावर घडलेले किस्सेही कुठे जात नाहीत. तिथेच साचत राहतात. ते टिपून टिपून माझ्या सव्वीस वह्या झाल्या आहेत. बायको म्हणते, "सहा मिनिटांच्या प्रवासावर सव्वीस वह्या. दिल्लीच्या गाडीवर असतात, तर आम्हाला घराबाहेर झोपावं लागलं असतं."

वहीची सवय लावली ड्रायव्हर बाबूराव शिंद्यांनी. खऱ्या रेल्वेत आयुष्य घालवून ते निवृत्त झाले आणि कोथरूडच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी नव्याने झालेल्या आमच्या बागेत लागले. इंजिन डिझेलचं, वर शोभेचं धुराडं. पण बाबूरावांच्या लेखी ती रेल्वेच होती.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "गाडी किती वाजता सुटली?"

"आत्ताच की."

"आत्ता ही वेळ नाही. घड्याळात बघा आणि लिहा."

तेव्हापासून प्रत्येक फेरी लिहिली. सुटली कधी, पोचली कधी, प्रवासी किती आणि उशीर झाला असेल तर कारण. कारणाशिवाय उशीर बाबूरावांना चालत नसे. एका पानावर असं आहे: "उशीर दोन मिनिटं. कारण, रुळावर मुंगूस. शिट्टी देऊनही हललं नाही."

* * *

बाबूरावांचा एक नियम होता. गार्डने हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय गाडी हलणार नाही. आणि एकदा हिरवा दाखवला की लाल दाखवल्याशिवाय थांबणार नाही. लाल दाखवला, तर त्याचं कारण वहीत गेलंच पाहिजे.

संध्याकाळी मी त्यांच्याच स्कूटरवर मागे बसून घरी जायचो. एकदा चौकात सिग्नल हिरवा झाला, तरी स्कूटर जागची हलेना. मागून हॉर्नचा गोंधळ सुरू झाला. शेजारून लुनावरच्या एक बाई म्हणाल्या, "काका, मुहूर्त बघताय का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी बाबूरावांच्या खांद्यावरून हात पुढे काढला आणि रुमाल हलवला. स्कूटर लगेच निघाली.

जाता जाता बाबूराव त्या बाईंना शांतपणे म्हणाले, "गार्ड नवीन आहे."

मला तेव्हा सहा वर्षं झाली होती.

* * *

गाडीला दोन्ही बाजूंनी फलाट होते. डावीकडून चढायचं, उजवीकडे उतरायचं. बाबूरावांनी स्वतः दोन पाट्या रंगवल्या. डाव्या फलाटावर 'बाग' आणि उजव्या फलाटावर 'टेकडी'. मधे रुळाची रुंदी, म्हणजे जेमतेम दोन पावलं.

मी म्हणालो, "अहो, स्टेशन एकच आहे."

"सहा मिनिटं प्रवास केल्यावर माणूस कुठेतरी पोचला पाहिजे," बाबूराव म्हणाले.

शनिवार पेठेतल्या एक आजी नातवंडांना घेऊन आल्या होत्या. फेरी झाली, उतरल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "जिथून उचललंत तिथेच आणून सोडलंत. हे काम आमचे रिक्षावाले करतातच की."

"आजी, ही टेकडी," बाबूराव इंजिनातून म्हणाले.

आजींनी पाटी वाचली. मग नातवंडांकडे वळून म्हणाल्या, "चला रे, चढ चढून दमला असाल. पाणी प्या."

* * *

मग पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपन्या आल्या आणि रविवारी बागेत गळ्यात ओळखपत्र अडकवलेले आईबाप दिसू लागले. अशाच एका जोडप्याची चार वर्षांची मुलगी टेकडीला उतरली. बाप मोबाइलवर बोलत होता, आजोबा समोरच्या बागेच्या फलाटावर थांबले होते. बोलणं संपवून म्हणाला, "चल बेटा, गाडी गेली की असंच क्रॉस करू. बाग समोरच आहे."

मुलगी म्हणाली, "बाग लांब आहे."

"अगं, ती बघ. आजोबा उभे आहेत ना, तिथे."

"आजोबा बागेत आहेत. आपण टेकडीवर आलोय. इतकं चालायचं?"

बापाने माझ्याकडे पाहिलं. मी बाबूरावांकडे पाहिलं. बाबूराव म्हणाले, "ताईंचं बरोबर आहे. परतीची गाडी लावू."

त्या दिवसापासून परतीची गाडी वेळापत्रकात आली. टेकडीला चढायचं, पूर्ण गोल फिरायचं आणि दोन पावलांवरच्या बागेत उतरायचं. रविवारी तिला रांग लागायची.

* * *

पुढे बागेला सबनीस नावाचे नवे मॅनेजर आले. वय तीस, हातात लॅपटॉप. तीन दिवस ते फलाटावर स्टॉपवॉच घेऊन बसले. चौथ्या दिवशी त्यांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं.

"फेरी सहा मिनिटांची आणि झेंडा, शिट्टी, वही यात तीन मिनिटं जातात. प्रोसेसच चुकीची आहे. इथे आपण बम्पर कार आणतोय. रविवारी चारला मालक येतील, गाडी बघतील आणि फायनल करतील."

"म्हणजे गाडी बंद?" मी विचारलं.

"मालकांना आवडली तर नाही. तेव्हा जरा फ्लेक्झिबल राहा."

बाहेर आल्यावर बाबूरावांनी घड्याळाला किल्ली दिली. मग म्हणाले, "रविवारी चारची गाडी चारला सुटेल ना?"

* * *

मालकांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. बाग ज्या जमिनीवर होती ती पूर्वी त्यांच्याच घरची शेती. आता ते बिल्डर होते. रविवारी चार वाजले, गाडी भरली, मालकांचा पत्ता नाही. मी घड्याळ पाहिलं आणि हिरवा झेंडा दाखवला. गाडी हलली आणि त्याच क्षणी पांढऱ्या शर्टातले एक वयस्क गृहस्थ फलाटावर आले. मागून सबनीस धावत होते.

"थांबवा. मालक आलेत. लाल दाखवा."

"कारण काय लिहू?" मी मागच्या डब्यातून विचारलं.

"लिहा, मालक आले."

"हे कारण वहीत बसत नाही, साहेब."

गाडी निघून गेली. त्या फेरीत मी मागे वळून पाहिलं नाही. तेरा वर्षांतली सगळ्यात लांब सहा मिनिटं ती.

परत आलो तेव्हा मालक तिथेच, मनगटावरचं घड्याळ बघत उभे होते. सबनीसांचा चेहरा पडला होता. मालकांनी मला विचारलं, "मला बघितलं नव्हतं का?"

"बघितलं होतं. झेंडा आधी दाखवला होता."

ते सरळ पहिल्या डब्याकडे गेले. इंजिनातून बाबूराव म्हणाले, "तिकीट?"

सबनीस खिडकीकडे पळाले आणि तिकीट घेऊन आले. मालक बसले. मी वेळ लिहिली, झेंडा दाखवला, शिट्टी झाली. सबंध फेरीभर ते गुडघ्यावर हात ठेवून, एकेका झाडाकडे बघत बसले होते. गाडी थांबली. ते उजवीकडे उतरले. समोरची पाटी त्यांनी दोनदा वाचली. मग रुळापलीकडे दोन पावलांवर उभ्या असलेल्या सबनीसांकडे पाहिलं.

"साहेब, या ना इकडे, ऑफिसात बसू," सबनीस हात पुढे करून म्हणाले.

मालक इंजिनाकडे वळले.

"मामा, परतीची गाडी किती वाजता हाय?"

बाबूरावांनी घड्याळ काढलं. "चार वाजून वीस. वेळेवर आहे."

"मग थांबतो," मालक म्हणाले आणि टेकडीच्या बाकावर बसले.