अडीच तासांचं गुवाहाटी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी मी इथं एक पोस्ट टाकली होती. तुम्ही बहुतेकांनी वाचली, हसलात, अंगठे दिलेत... आज त्याच पोस्टबद्दल लिहायचं आहे.

झालं असं, की गल्लीत सगळ्यांच्या लेकी आल्या होत्या. समोरच्यांची तर जळगाव जामोदहून भावाच्या मोटरसायकलवर सकाळीच हजर. झोका आमच्या निंबाला बांधलेला, अन् त्यावर बसणाऱ्या दुसऱ्यांच्या लेकी. जी ती बाई विचारे, "रेखा नाही आली?"

रेखा माझी मुलगी. जावयाची नोकरी गुवाहाटीकडे. माझं डोकं तापलं. फोनला विचारलं, शेगाव ते गुवाहाटी किती लांब? तो म्हणाला, रस्त्याने दोन दिवस, विमानाने अडीच तास.

मग काय, लिहून टाकलं... "विमानाने फक्त अडीच तास. माय आठवली तर पोरगी येते, नाहीतर कारणं सांगते." माझं शिक्षण चौथी, पण टोमण्यात मी पदवीधर. खूप वाहवा झाली.

संध्याकाळी पोस्टखाली रेखाची एकच ओळ आली. "माय, मले यायले अडीच तास लागतात, त मुराळ्याले किती लागतात वं?"

बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे आखाजीला लेक आपली आपण येत नाही. भाऊ तिच्या सासरी जातो अन् मानाने घेऊन येतो, तोच मुराळी. एका वर्षी माझा भाऊ उशिरा आला, तर मी सकाळपासून जेवले नव्हते. आल्यावर पाण्याआधी शिव्या दिल्या त्याला.

अन् रेखाकडे? लग्न झाल्यापासून कोणीच गेलं नाही.

पोरावर खेकसले, "सुधाकर, बहिणीले आणाले काऊन गेला नाही बे आजवर?"

तो म्हशीचं दूध काढत होता. मान वर न करता म्हणाला, "तूच तं म्हणे दरसाल, इतक्या दूर कोण जाते म्हणून."

खरंच मीच म्हणायची. आपण जायचं म्हटलं की गुवाहाटी लंकेपलीकडे, अन् तिनं यायचं म्हटलं की अडीच तास... दोन दिवस फोन हातात घ्यायची लाज वाटली.

ती पोस्ट काढणार नाही. जे माझ्यासोबत तिला हसले, त्यांनी हेही वाचावं.

आता शेगाव स्टेशनच्या बाकावर बसून लिहिते आहे. सोबत सुधाकर अन् कुरडयांचा डबा. आमच्या संग्रामपूरहून एसटीने निघालो, इथून नागपूरची गाडी, मग विमान, कलकत्त्याला ते बदलायचं, अन् गुवाहाटीपासून पुढे पुन्हा बस. आखाजी तर होऊनही गेली.

निघताना रेखाला फोन केला. "मुराळी निघाला वं."

तिला माझ्यामागचा एसटीचा आवाज ऐकू गेला. म्हणाली, "तू बी येऊन राह्यली का माय?"

"बोलली मी होती, त यायले दुसरं कोण पाहिजे?"

सकाळपासून उन्हात आहोत. कंबर मोडली... आणि ते अडीच तास अजून सुरूच व्हायचे आहेत.