सगळ्या घरांचा नंबर एक

घाटंजी तालुक्यातल्या एका गावात मी प्राथमिक शाळेवर होते, तेव्हा एकसष्टची शिरगणती आली आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. लिहिता-वाचता येणारी आणखीही माणसं गावात होती, पण त्यांना नाही म्हणता येत होतं. मला सरकारी पगार होता.

माझ्या वाट्याला गाव आणि नाल्यापलीकडचा बंजाऱ्यांचा तांडा असे दोन्ही आले. घरांवर गेरूने नंबर टाकायचे, माणसं मोजायची, कोण काय करतं, कोण शिकलेलं आहे ते लिहायचं. शेवटी दारोदार एक तपासणीची फेरी. कागदावर काम सरळ होतं.

गावात पाटलांनी स्वतःच्या घरापासूनच सुरुवात करायला लावली. त्यांच्या थोरल्या मुलाच्या मिशा चांगल्या पिळदार होत्या आणि त्याला दोन मुलं होती. त्याच्या धंद्यापुढे पाटलांनी ‘विद्यार्थी’ लिहायला सांगितलं, कारण तो अजून मॅट्रिकला बसत होता. मी लिहिलं. एका म्हाताऱ्याला विचारलं, काका, तुम्ही काय करता? तो म्हणाला, मी बसतो. त्याची सून आतून म्हणाली, ‘‘खोटं सांगून राह्यले बाई. बसल्या बसल्या बोलते बी.’’ बसण्याला आणि बोलण्याला कागदावर रकाना नव्हता.

जाता जाता पाटलांनी हळूच सुचवलं की तांडा गावातच धरा. गाव मोठं दिसलं तर एस.टी. फाट्यावर न थांबता आत येईल, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

तांड्याला नेमकं उलटं हवं होतं. तिथली मुलं नाला ओलांडून माझ्या शाळेत येत, म्हणजे दसऱ्यानंतर येत. पावसाळाभर नाल्याला पाणी असे आणि आषाढात शिकलेलं कोणालाच ठाऊक नसे, कारण ते शिकायला कोणी आलेलंच नसे. तांड्याच्या नायकाने जनपदाच्या, म्हणजे तालुक्यातल्या शाळा चालवणाऱ्या सभेच्या, साहेबाकडे शाळा मागितली होती. साहेब म्हणाले होते, गणतीत तुमची वस्ती वेगळी दिसली, शाळेजोगी मुलं दिसली, तर विचार करू. नायकापेक्षा ते त्याच्या बायकोने जास्त मनावर घेतलं. तिला सगळा तांडा याडी म्हणायचा. याडी म्हणजे आई. कोपरापर्यंत बांगड्या, आवाज शेताच्या दुसऱ्या धुऱ्यापर्यंत जाणारा. मी मुलं लिहीत होते तेव्हा ती माझ्या मागून फिरत होती आणि कुठे पाळण्यातलं मूल राहिलं तर मला मागे ओढून नेत होती.

तांड्याचे नंबर आम्ही नव्याने एकपासून टाकले होते. पहिला नायकाच्या घरावर, दाराच्या लाकडी चौकटीवर. बाकीचे कोतवालाने मातीच्या भिंतींवर टाकले. सातव्या घरची बाई दोन दिवस रुसून होती. ‘‘मले सात कायले? आमचं घर काय लहान हाय?’’ नंबर रांगेने पडतात, मानाने नाही, हे मी तिला पटवलं. म्हणजे मला तसं वाटलं.

तपासणीची फेरी नेमकी होळीच्या दिवशी आली. दुपारी सुपरवायझर येणार होते, म्हणून मी सकाळीच तांड्यावर गेले. आणि नाला चढून वर येताच जागच्या जागी उभी राहिले.

होळीसाठी बायकांनी झाडून सगळी घरं पांढऱ्या मातीने सारवली होती. कोतवालाचे नंबर मातीखाली गेले होते. पण प्रत्येक भिंतीवर गेरूने नवा नंबर होता. ठसठशीत, भोवती ठिपक्यांची महिरप. पहिल्या घरावर एक. दुसऱ्या घरावर एक. तिसऱ्या घरावरही एक, फक्त उलटा. तांड्याच्या टोकापर्यंत एकच एक.

याडी अभिमानाने पुढे आली. तिने सांगितलं ते असं: सारवून झाल्यावर बायकांच्या लक्षात आलं की सरकारचे आकडे पुसले, आता मास्तरीणबाई रागावणार. शिल्लक होता तो फक्त नायकाच्या चौकटीवरचा. मग सगळ्यांनी त्याच्यावर पाहून काढला. सातव्या घरची बाई सर्वांत खूश होती.

पुसू म्हटलं तर पुसू देईनात. होळीच्या दिवशी नव्या सारवणाला बोळा लावतात का, म्हणाल्या. मी वही काढली, गेरूचा डबा मागवला आणि कामाला लागले. अकरा ते एकोणीस ही घरं सोपी निघाली, एकापुढे आकडा जोडला की झालं. बाकीच्यांचे खरे नंबर चौकटीवर लिहायला घेतले. निम्मी घरं झाली नव्हती तोच पाटील सुपरवायझरांना घेऊन हजर.

सुपरवायझर तहसिलीतले कारकून. सडपातळ, घाबरट, सायकलवरून आलेले. बायकांनी आधी सायकल ताब्यात घेतली. फगवा, म्हणजे होळीची वसुली, म्हणून लेंगीच्या, त्यांच्या होळीच्या गाण्यावर एक फेर नाचल्याशिवाय ती मिळणार नव्हती. साहेब नाचले. टोपी हातात धरून, फार वाईट नाचले. पाटील कडेला उभे राहून भिंती पाहत होते. फेर संपताच ते म्हणाले, ‘‘साहेब, पाहून घ्या. साऱ्या तांड्यात घर एकच हाय. एका घराची वेगळी वस्ती कायची लिहिता? आमच्यात टाका.’’

साहेबांनी दम खात भिंती पाहिल्या. मी वही पुढे केली, पण त्यांनी याडीलाच विचारलं, हे कोणी केलं?

‘‘आम्हीच केलं. बाई रागावन म्हून.’’

‘‘पण सगळीकडे एकच का?’’

‘‘दुसरा कोणाले येते?’’ याडी म्हणाली. ‘‘येत असता तर काढला असता. त्याच्यासाठीच त शाळा मागून राह्यलो.’’

पाटलांना खोकला आला. साहेबांनी माझी वही घेतली, नायकाच्या ओट्यावर बसून घरं आणि माणसं ताडून पाहिली आणि तांडा वेगळा लिहिला. मग स्वतःची सायकल मागून घेतली.

शाळा मंजूर व्हायला दीड वर्ष लागलं. इमारत नव्हती, नायकाने गोठा रिकामा करून दिला. शिक्षक म्हणून मलाच पाठवलं. पट भरायला मी गणतीतली मुलं शोधू लागले, तर निम्मी वयाने लहान झालेली. गणतीच्या वेळी पाच वर्षांची सांगितलेली मुलगी दीड वर्षाने चार वर्षांची होती. शाळा हवी होती तेव्हा मुलं मोठी लागत होती. आता शेळ्या कोण राखणार, हा प्रश्न होता.

मी याडीकडे गेले. ती त्या मुलीच्या आईशी गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत बोलली. मला शब्द कळले नाहीत, सूर कळला. मग मुलीच्या हातातली काठी तिने काढून घेतली, मुलीला गोठ्याच्या दारात ढकललं आणि स्वतः शेळ्या हाकत माळाकडे निघाली. माळावर पोचेपर्यंत तिच्या शिव्या आम्हाला ऐकू येत होत्या. त्या ऐकून बाकीच्या आयाही आपापली पोरं घेऊन आल्या, आणि तेवढ्या वेळात मी पट भरून घेतला.