मिठावरचं पाखरू

काशीराम म्हात्रेने तीस वर्षं पाखरं हाकलली आणि साठाव्या वर्षी त्यांचेच फोटो काढायला लागला. आमच्या गावात ह्याला शहाणपण म्हणत नाहीत. पण गावाने शहाणा म्हणावं ही हौस काशीरामला कधी नव्हतीच.

उरणच्या वाटेवर त्याचं मिठागर होतं. तयार मिठावर पाखरू बसलं की घाण करतं, म्हणून दिसलं की दोन्ही हात वर करायचे आणि छातीतून ओरडायचं, "हाऽऽ हुर्रर्र!" पुढे मिठागर गेलं, तिथे रस्ता आला, काशीराम पनवेलला लेकाच्या फ्लॅटवर आला. बाप दिवसभर गॅलरीत उभा राहतो म्हणून लेकाने कॅमेरा आणून दिला. दोन वर्षांत खाडीवरचा एक बगळा सुटला नाही. मग तो खांदा कॉलनीतल्या फोटोवाल्यांच्या टोळीत शिरला. टोळीचे म्होरके गुरुदत्त पाटणकर, बँकेतून निवृत्त, दर हिवाळ्यात कच्छच्या रणात जाणारे. यंदा त्यांनी काशीरामलाही नेलं.

निघताना बायको, हौसा, बोललीच. "जल्मभर हाकललीव पाखरां, आता पैसं देऊन बगाला चाल्लाव. त्यांनी वलखला म्हंजे?"

"वलखला त जवल येतील."

रणात काशीराम माहेरी आल्यासारखा वागला. तसेच बांध, तसेच मिठाचे ढीग, फक्त भरती-ओहोटी नाही. तिथला मीठवाला भरतभाई गुजराती बोलायचा, हा आगरी. दोघांनी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं, माना डोलावल्या, झालं बोलणं. पाटणकर मध्ये भाषांतर करायला उभे होते, त्यांना कामच उरलं नाही.

भरतभाईच्या गोड्या पाण्याच्या टाकीची तोटी गळायची, खाली डबकं साचायचं. त्या डबक्यावर रोज सकाळी नऊच्या सुमाराला पखुर्ड्या यायच्या. कबुतराएवढं वाळवंटी पाखरू, अंगाला वाळूचा रंग, वर ठिपके. थव्याने येणार, घोटभर पिणार, चालले. पाटणकर तीन हिवाळे त्यांच्या मागे होते. काशीरामलाही तेच पाखरू हवं होतं. खाडीवर मिळत नाही असं एक तरी घरी न्यायचंच, ह्या हट्टाने तो आला होता.

पहिल्या सकाळी दोघे बांधाआड पालथे पडले. थवा उतरला. त्यातला एक नर तुरुतुरु चालत डबक्याशेजारच्या ताज्या मिठावर चढला. आणि काशीराम उठला. हात वर.

"हाऽऽ हुर्रर्र!"

थवा कुठच्या कुठे. पाटणकरांनी कॅमेरा खाली ठेवला.

"काशीराम, हे काय केलंत?"

"मिठाव बसला ना तो!"

लांबून भरतभाईने मात्र हात हलवून शाबासकी दिली.

पाटणकर चिडले की आवाज खाली आणतात. "उद्या शेवटची सकाळ आहे. तुम्ही गाडीतच बसा." संध्याकाळी काशीरामने हौसाला फोन लावला. आधी ती पोटभर हसली.

"आता हसून झाला असंल त सांग काय करू."

"हात गमच्यान कॅमेऱ्याला बांदा. नि तोंडान पानी धरून बसा. पोरांना गप करताना मी ह्योच करतंय."

सकाळी काशीराम गमचा आणि बाटली घेऊन पाटणकरांपुढे उभा. "सायेब, यक डाव. आवाज निगाला त मी हितून पनवेलला चालत जातंय."

पाटणकरांनी स्वतः गाठ मारून दिली, जरा घट्टच.

नऊला वरून थव्याची कुलकुल ऐकू आली. बांधलेल्या हातांनीच काशीरामने बाटली तोंडाला लावली, गाल फुगवले आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. पाखरं उतरली. कालचाच तो की दुसरा कोण जाणे, एक नर पुन्हा मिठावर चढला. काशीरामचे खांदे उडाले. गळ्यात काहीतरी गुरगुरलं. डोळ्यांतून पाणी आलं, तोंडातलं आलं नाही. नर मिठावरून उतरला, डबक्यात चोच बुडवली, आणि काशीरामने बटण दाबलं. दाबतच राहिला.

पाटणकरांचंही मनासारखं झालं. तीन हिवाळे फिटले. मग त्यांनी शेजारी पाहिलं आणि हसू दाबत कॅमेरा तिकडे वळवला.

पिऊन झाल्यावर थवा आपणहून उडाला. आभाळात ठिपकासुद्धा उरला नाही तेव्हा काशीरामने पाणी थुंकलं, उभा राहिला, आणि बांधलेले हात कॅमेऱ्यासकट वर करून मघापासून अडलेली आरोळी ठोकली. ती ऐकून उडायला सबंध रणात एक पाखरू नव्हतं. त्याला फार बरं वाटलं.

काशीरामने टिपलेला आणि स्वतः टिपलेला, असे दोन्ही फोटो पाटणकरांनी मोठे करून पाठवले. पनवेलच्या फ्लॅटमध्ये ते आता सोफ्याच्या वर भिंतीला शेजारी शेजारी लागलेत: पाण्यात चोच घातलेली पखुर्डी, आणि गाल फुगवलेला, डोळे वटारलेला काशीराम. पाहुणे आले की तो पखुर्डीची हकिकत सुरू करतो. हौसा चहा ठेवता ठेवता दुसऱ्या फोटोकडे हात करते.

"त्या पाखराचा ऱ्हाऊं द्या. ह्यो बगा, तीस वर्सांत पयल्यांदा गप बसलेला."

काशीराम खुशाल हसतो. भिंतीवरून तो फोटो काढायला मात्र तयार नाही.