बाजाराच्या दिवशीची गोळी

तुमच्या गावच्या बाजारात भाजी विकणारी बाई दिवसभरात लघवीला कुठं जाते, हे तुम्हाला माहीत आहे का? तिचा भाव तुम्हाला माहीत असतो. वांगी किडकी निघाली की परत नेऊन कुठं आदळायची, हेही माहीत असतं. मग एवढंच कसं माहीत नाही?

माझी माय भाजी पिकवते आणि गुरुवारच्या बाजारात विकते. नेरडीगोंड्याच्या अलीकडे आमचं गाव. तिचं हृदय थकलं तेव्हा आम्ही तिला आदिलाबादला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, हे बरं होणार नाही. पण गोळ्या चुकवल्या नाहीत, मीठ-पाणी सांभाळलं, तर हिंडता-फिरता येईल, आडवं होऊन झोपता येईल. मग त्यांनी मायला विचारलं, "तुम्हाला काय करावंसं वाटतं?"

"बाजारात बसाचं हाये."

"वजन उचलू नका. बसायला हरकत नाही."

तेव्हापासून टोपल्या मी उचलते आणि माय गिऱ्हाइकांशी भांडते. तिथं तिचा चेहरा वेगळाच असतो. घरी दोन पायऱ्या चढली की धापा टाकणारी बाई सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीवरून असा वाद घालते, की समोरचा जास्तीची मागायला आला होता हेच विसरतो. "खाटेवर पडून काय पाहू, कवेलू?" असं ती म्हणते. मला ते पटतं. श्वास चालू राहणं म्हणजे जगणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी महिनाभर छपराचे कवेलू बघत पडून राहावं.

गोळ्यांमध्ये एक गोळी लघवीची आहे. छातीत आणि पायांत साचलेलं पाणी ती बाहेर काढते. सकाळी घेतली की दुपारपर्यंत सारखं उठावं लागतं. घरी त्याचं काही नाही. बाजारात आहे.

पूर्वी बाजार नाल्याकाठी चिंचांखाली भरायचा. मागे बाभळीचं रान होतं, बायका आळीपाळीने तिकडे जाऊन यायच्या. मग राज्य वेगळं झालं, जिल्ह्याचे तुकडे झाले, आमचं मंडल, म्हणजे तुमच्या तालुक्यासारखं, नवं झालं. त्या काळात आमच्या घरात वेगळ्या राज्याच्या चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी वाचायला शिकले तीही पत्रकांवरच. पाणी आपलं, नोकऱ्या आपल्या, कचेरी दारात, असं सगळं त्यांत होतं. मंडलाची कचेरी खरंच दारात आली. बाजार उचलून तिच्यासमोरच्या सिमेंटच्या मैदानात नेला. झाड नाही, झुडूप नाही. कोपऱ्यात फरशी लावलेला संडास बांधला आणि त्याला कुलूप घातलं.

एका गुरुवारी रात्री माय पालथ्या टोपलीला टेकून बसल्या बसल्या झोपलेली दिसली. आडवं झालं की तिचा जीव गुदमरत होता. पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला.

"गोळी काऊन नाही घेतली?"

"बाजार होता ना पोरी."

"मागच्या गुरुवारी?"

"तवाही बाजारच होता."

संध्याकाळी घरी येऊन घ्यायची, तर रात्रभर अंधारात अंगणात ये-जा. एकदा ती तशीच पडली होती. म्हणून बाजाराच्या दिवशी गोळीच नाही, असा तिनं आपला नियम करून टाकला होता. आणि ती एकटी नव्हती. शेजारी बसणाऱ्या माळीणकाकूंना कसला आजार नाही, तरी त्या सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाहीत. कोणीच घेत नाही. आमच्या बाजारात पाणी फक्त भाजीवर मारायला असतं.

मी कचेरीत गेले. कुलपाची चावी अटेंडरकडे, म्हणजे तिथल्या शिपायाकडे होती.

"ते साहेबलोकांसाठी हाये," तो म्हणाला. "बाजारवाले घाण करतात."

मागून आलेल्या माळीणकाकू म्हणाल्या, "काऊन रे बापू, तुह्या साहेबाचं अत्तर निघते का?"

व्हरांड्यातले दोघे हसले. चावी मिळाली नाही.

पुढच्या गुरुवारी टोपल्या मांडून झाल्यावर मायनं कंबरेची चंची सोडली. सुपारीत ठेवलेली गोळी काढली, माझ्या बाटलीतलं घोटभर पाणी घेतलं आणि गिळली. मग चालत जाऊन कचेरीच्या पायरीवर बसली.

"अम्मा, इथं काऊन बसली?" अटेंडरनं विचारलं.

"गोळी घेतली बाप्पा. आता घंटाभरात होईल. चावी नसन तर इथंच होईल. मले काई लाज नाही, दुखणाईत बाई हावो मी."

तो आत गेला, बाहेर आला. चावी तिच्या हातात देत म्हणाला, "तू बिमार हायेस म्हणून. फक्त तुलेच."

माय जाऊन आली. चावी मात्र तिनं अटेंडरला दिली नाही, माळीणकाकूंना दिली. काकूंनी कांदेवालीला. दिवसभर ती चावी बाजारात फिरत होती, आणि दुपारी मी पहिल्यांदाच त्या बायकांना बाजारात पाणी पिताना पाहिलं. संध्याकाळी अटेंडर मागायला आला तर चावी मायच्या चंचीत होती. "गुरुवारी आणीन," ती म्हणाली. त्या रात्री ती आडवी झोपली.

गुरुवारी कुलूप बदललेलं होतं. नव्या चावीबद्दल विचारलं तर साहेबांकडे आहे म्हणाले. साहेब दौऱ्यावर. अजून दौऱ्यावरच आहेत. पायरीवर आता दोरी बांधली आहे.

माय पुन्हा गोळी न घेता बाजारात बसते. घरी बस म्हणून मी तिला सांगणार नाही, आणि तुम्हीही सांगू नका. तिला सांगणं फार सोपं आहे.

तुम्ही एक करा. येत्या बाजाराला पिशवी घेऊन जाल तेव्हा भाजी घेण्याआधी तिथला बायकांचा संडास शोधा. कुलूप असेल तर चावी कोणाकडे आहे ते विचारा, आणि तो माणूस ती घेऊन येईपर्यंत त्याच्या दारातून हलू नका.