मधात काकवी

मध काढायच्या दिवशी बघ्यांना बोलावू नये, हे मला चांगलं माहीत आहे. तरी यंदा चैत्रात मी एका माणसाला मुद्दाम बोलावलं. ते माझे व्याही, लेकीचे सासरे; आम्ही एकमेकांना पावणं म्हणतो. त्यांनी गेल्या वर्षी भर पंगतीत माझं नाक कापलं होतं आणि ते मला त्यांच्याच हातून परत जोडून घ्यायचं होतं.

त्या पंगतीचं आधी सांगतो. त्यांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. आहेराबरोबर मी माझ्या पेट्यांमधल्या मधाची मोठी बाटली नेली होती. कोडोलीच्या शिवारात, ओढ्याकाठी माझा जमिनीचा तुकडा आहे, तिथे मी हौसेने मधमाश्या पाळतो. मध विकत नाही, नात्यात वाटतो. जेवणं चालू असताना पावण्यांनी बाटली उघडली, बोट बुडवून चाटलं आणि दोन्ही पंगतींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पावणं, ब्येस हाय. पर ह्यात काकवी हाय."

पंगत हसली. कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं, "निम्मीनिम्म काय वो?"

काकवी म्हणजे उसाच्या रसाचा दाट तांबूस पाक, गूळ व्हायच्या आधीचा. मधात घातली तर बाटली भरते आणि बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. त्यामुळे पावण्यांच्या बोलण्याचा अर्थ एकच होता. मी ताटावरून उठलो. बायकोने शर्ट धरून खाली बसवलं. "हा जांभळाचा मध आहे, जांभळाचा असाच काळपट लागतो," असं मी सांगत राहिलो आणि लोक मान डोलावत मटकीची उसळ खात राहिले. लेक वाढता वाढता थांबली. मग तिने बाटलीचं झाकण लावलं आणि ती आत नेऊन ठेवली.

दुसऱ्या कुणाला हे इतकं लागलं नसतं. पण मी उद्यमनगरात पाण्याच्या जुन्या मोटारी दुरुस्त करून विकतो. दुसऱ्याच्या दुकानात तारा गुंडाळणारा पोरगा म्हणून लागलो आणि आज स्वतःच्या गाळ्यात बसतो. भावात मी सख्ख्या भावालाही सोडत नाही. गिऱ्हाईक रडकुंडीला येईपर्यंत घासाघीस करतो आणि त्याची मला लाज नाही. पण तांब्याची तार म्हटली की तांब्याचीच घालतो. इतकी वर्षं मी ज्या एका गोष्टीवर धंदा केला, तीच पावण्यांनी उसळीबरोबर चाटून टाकली. वर्षभर लेकीकडे गेलो की ती बाटली फडताळाच्या वरच्या फळीवर दिसायची, झाकण तसंच घट्ट. सासऱ्यांसमोर ती उघडायची सोय नव्हती आणि बापाची म्हणून टाकवतही नव्हती. मी तिकडे बघितलं की ती मुद्दाम चहा ठेवायला वळायची.

म्हणून यंदा मी ठरवलं, पेटी उघडायची ती पावण्यांच्या डोळ्यांदेखत. चौकटीतून मध बाटलीत पडेपर्यंत त्यांना हलू द्यायचं नाही. मग बघू काय म्हणतात.

ऊन चढायच्या आत या, असं चार वेळा बजावलं होतं. ते आले ऊन डोक्यावर आल्यावर. ओढ्यापलीकडेच त्यांचं गुऱ्हाळ आहे. यंदा तोडीला माणसं उशिरा मिळाली म्हणून ते अजून चालू होतं. तिथूनच ते थेट आले, बाह्या कोपरापर्यंत चिकट, पांढरी टोपी कलती, तळहातावर तंबाखू.

"पावणं, जाळी घाला तोंडावर," मी म्हणालो.

"मला काय करत्यात माश्या? तुमी घाला. तुमचं रगात गरम."

मी दात आवळून पेटीचं झाकण काढलं. बायको धुराडीतून हळूहळू धूर सोडत होती. माझ्या पेटीला दोन मजले असतात. खालच्यात राणी आणि पिल्लं, वरच्यात मध. उन्हाळ्याच्या तोंडाला आधी खालचा मजला तपासायचा. राणी अंडी घालते का, माश्यांची दाटी फार झाली का, नवी राणी वाढवायला कडेला लांबट घर बांधलंय का. बांधलं असेल तर अर्धी पेटी एक दिवस उडून जाते आणि आपण आभाळाकडे बघत बसतो. मी एकेक चौकट उचलून उन्हाकडे धरत होतो आणि पावणं मागून बोलत होते.

"ही राणी व्हय? हिला नवरा किती म्हणायचं?"

"पावणं, जरा गप्प बसा. आवाजाने बिथरतात."

"मी कुठं बोलतोय? इच्चारतोय."

एक माशी माझ्या मनगटावर हातमोज्याच्या फटीत डसली. लगेच दुसरी. जाळीच्या आत घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसता येत नव्हता. पेटीच्या पायाखालच्या वाटीतलं पाणी आटलं होतं, तिथून मुंग्या चढत होत्या. आणि हे उघड्या तोंडाने पेटीवर वाकलेले, त्यांना एकही माशी डसेना. पाच-सहा माश्या त्यांच्या बाहीवर निवांत बसल्या होत्या. मला ते बघूनच संताप आला. दाणापाणी मी बघतो, पावसाळ्यात साखरपाणी मी पाजतो, आणि डसायचं मला!

वरच्या मजल्यावरची पहिली चौकट मी त्यांच्या नाकासमोर धरली. मेणाची टोपणं पांढरीशुभ्र, पक्की बसलेली. "बघा. हे टोपण माशीने घातलंय. माझ्या हाताने घालता येतं?"

"न्हाय."

"आता मी ते सुरीने काढतो. बघत राहा."

टोपणं निघाली. काही घरांत मध सोनेरी होता आणि मधल्या पट्ट्यात कोऱ्या चहासारखा. पावण्यांनी विचारायच्या आत बोट घातलं, चाटलं, डोळे मिटले. मी श्वास धरून उभा.

"काकवी हाय," ते म्हणाले.

माझ्या हातातली चौकट पडायची राहिली. "तुमच्या डोळ्यांसमोर पेटी उघडली! तुमच्या डोळ्यांसमोर टोपण काढलं! मी काय माशीच्या पोटात काकवी ओतली?"

"ते मला काय ठावं? जिभंला लागतंय ते सांगतोय की."

"तुमच्या जिभेवर तंबाखूचा थर आहे!"

"आवं, थांबा," बायको म्हणाली. तिने धुराडी खाली ठेवली होती आणि ती पावण्यांच्या बाहीकडे बघत होती. "ह्या डसंनात का, ते बगा. चाटत्यात."

मी वाकून पाहिलं. बाहीवरच्या माश्या सोंड काढून चिकट डाग चाटत होत्या. एक उडाली आणि सरळ पेटीच्या दारात शिरली.

मी माश्यांना इतका मान द्यायचो की हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शिवारात करंज फुललाय, ओढ्याला जांभूळ आहे, मग फुलं सोडून माशी गुऱ्हाळाच्या चिकट्याला कशाला तोंड लावेल? तिने लावलं होतं. गेल्या हंगामापासून लावत आली होती. मी मान खाली घालून शिव्या ऐकल्या त्या ह्या चटोर जातीसाठी.

"तुमच्या गुऱ्हाळावर चला," मी म्हणालो. "आत्ता."

ओढा ओलांडला तसा उकळत्या रसाचा वास आला. काकवीच्या पिंपाच्या कडेला माश्यांची काळी किनार लागली होती. कढईवरून काढून टाकलेल्या मळीवर त्या लोळत होत्या. दोन-तीन फेसात मरून पडल्या होत्या.

"ह्या माझ्या आहेत," मी म्हणालो.

पावणं हसले. "नाव कोरलंय काय अंगावर? हितं माश्या नेहमीच असत्यात. पंचक्रोशीतल्या कुणाच्या बी आसत्याल."

बायकोच्या पिशवीत जोतिबाच्या यात्रेहून आणलेली गुलालाची पुडी होती. तिने चिमूटभर गुलाल घेतला आणि पिंपाच्या कडेवर हलक्या हाताने भुरभुरला. माश्या गुलाबी झाल्या. "आता पेटीपाशी जाऊन हुबं ऱ्हावा," ती पावण्यांना म्हणाली.

ते गेले. मीही गेलो, त्यांना एकट्याला सोडणं परवडणारं नव्हतं. आम्ही पेटीच्या दाराकडे बघत उभे राहिलो. थोड्या वेळाने मिरवणुकीतून चुकून आल्यासारखी एक गुलाबी माशी उतरली आणि आत गेली. मग दुसरी. मग रांगच लागली.

"आता म्हणा," मी म्हणालो.

"काय म्हणू?"

"की मी काकवी मिसळली नाही. की तुम्ही चुकलात."

"आवं पावणं, मी कवा म्हणलो तुमी मिसळली? मी म्हणलो, ह्यात काकवी हाय. ती हाय की!"

माणूस खरं बोलून तुम्हाला असा पेटवतो तेव्हा काय करायचं, हे मला आजही कळलेलं नाही. मी म्हणालो, मग निदान पिंपांना झाकणं घाला, माझ्या माश्या तुमच्या कढईत मरतायत. तर ते छाती काढून म्हणाले, "आमच्या गुऱ्हाळावर आल्याला कुणाला उपाशी धाडत न्हाय. माणूस आसू दे न्हायतर माशी. झाकण घातलं तर आमची अब्रू ऱ्हाईल काय?"

त्यांना अब्रू होती. मला नव्हती.

मग मी खरेदीला बसलो. बांधावर, जांभळाखाली, जुनी मोटार घ्यायला बसतो तसा. त्यांच्या गावच्या जत्रेला तीच सगळी माणसं जेवायला येणार होती. तिथे त्यांनी उभं राहून सांगायचं. काय सांगायचं यावर भाव सुरू झाला. मी मागितलं, "माझी चूक झाली." ते म्हणाले, "गैरसमज झाला." मी म्हणालो, गैरसमज माझा झाला की तुमचा ते सांगा. ते म्हणाले, "आपला." मी उठून चाललो. त्यांनी हाक मारली. मी बसलो. बायको कंटाळून मध गाळायला निघून गेली. शेवटी त्यांनी म्हणायच्या एका वाक्यावर सौदा ठरला: "आमच्या पावण्यांनी मधात काकवी मिसळल्याली न्हाय." बदल्यात त्यांना काळ्या मधाच्या दोन चौकटी मेणासकट हव्या होत्या. "चवीला लई ग्वाड हाय," म्हणाले. वर्षभर ज्या मधाला नावं ठेवली, तोच!

जत्रेला पंगत बसली. मटण वाढून झालं तशी मी त्यांच्याकडे बघायला सुरुवात केली. ते हाडूक चोखत होते. मी खाकरलो. ते उठले, धोतराला हात पुसला आणि मागच्या वर्षीच्याच आवाजात म्हणाले, "ऐका रं. आमच्या पावण्यांनी मधात काकवी मिसळल्याली न्हाय."

ठरलं तेवढं झालं होतं. त्यांनी बसायला हवं होतं.

"ती आमच्याच गुऱ्हाळावरची हाय," ते पुढे म्हणाले. "त्यांच्या माश्या न्हेत्यात. मी गुलाल टाकून धरल्यात."

पंगतीत हशा फुटला. "म्हंजे पावणं भेसळ करत न्हाईत, चोरी करत्यात?" कोपऱ्यातला तोच आवाज. दुसरा म्हणाला, "तुमी गुऱ्हाळ लावा पावणं, माश्यांना लांब पडतंय!"

"गुलाल माझ्या बायकोने टाकला!" मी ओरडलो. कुणी ऐकलं नाही.

मी काय करणार? जे वाक्य मागितलं ते त्यांनी शब्दाला शब्द दिलं होतं. वर जे फुकट घातलं त्याबद्दल भांडायला सौद्यात जागा नव्हती. असा कच्चा सौदा मी दुकानात कधी केला नसता.

लेक आतून आली. तिच्या हातात फडताळावरची ती बाटली होती. झाकण वर्षभरात इतकं बसलं होतं की तिला निघेना. तिने बाटली सासऱ्यांकडे दिली, त्यांनी दात-ओठ खाऊन ते उघडलं. बाटली पंगतीत फिरली. भाकरीवर, पोळीवर, कुणी नुसतंच तळहातावर घेतलं. पहिली वाढ तिने माझ्या ताटात केली आणि समोर उभी राहिली, खातोय का ते बघत.

मी खाल्लं. घशाशी थोडं खारट, मागून उकळलेल्या रसाचा वास. काकवीच लागली.

"कसा हाय आप्पा?" तिने विचारलं.

पावणं पलीकडून कान टवकारून बसले होते.

"जांभळाचा आहे," मी म्हणालो.